थकलेलें शरीर आणि हरवणारी स्मृति

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी घरांत इतकी रुळली आहे, कीं ती खरी कीं खोटी हा प्रश्नच कोणाच्या मनांत येत नाहीं. आजोबा चष्मा शोधूं लागले, आजी एकच गोष्ट चौथ्यांदां सांगूं लागली, कीं घरांतील माणसें हसून ही म्हण उच्चारतात आणि विषय तेथेंच संपतो. त्याच आजोबांचीं पावलें जड झालीं, त्याच आजीचे हात ओली चादर पिळतांना थरथरूं लागले, तर त्यासाठीं दुसरें वाक्य तयार असतें: 'वय झालें आतां.' एक गाऱ्हाणें बुद्धीचें, दुसरें शरीराचें. गुडघ्यांसाठीं हाडांचा डॉक्टर, आणि विसरण्यासाठीं कोणीच नाहीं, अशी साधारण वांटणी ठरलेली असते. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत वैद्यकशास्त्राच्या हातीं जें आलें आहे, त्यावरून ही वांटणी टिकण्यासारखी नाहीं. शरीराची क्षीणता आणि बुद्धीचा ऱ्हास हीं पुष्कळदां एकाच घराचीं दोन दारें असतात. त्यांतहि विशेष असें, कीं क्षीणता बहुधा आधीं दिसते, आणि वेळीं लक्ष दिलें तर ती कांहीं अंशीं मागें फिरवितां येते. म्हणूनच 'वय झालें' हें वाक्य निरुपद्रवी नाहीं. जेव्हां कांहीं करतां आलें असतें, तो काळ तें वाक्य गिळून टाकतें.

सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांना हा विषय विशेष जवळचा आहे. येथील तरुणानें पोटासाठीं घर सोडावें, ही रीत आजची नव्हे. साताऱ्याच्या डोंगरी भागानें गिरण्यांच्या काळापासून मुंबईची वाट धरली. खानापूर-आटपाडीच्या भागांतील गलाई कारागीर, म्हणजे सोनें-चांदी गाळून शुद्ध करणारे लोक, भारतभर पसरले. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यानें सैन्याला आणि शहरांना माणसें पुरविलीं. आणि आजचीं मुलें पुण्याच्या कारखान्यांत व कचेऱ्यांत आहेत. मागें राहतें तें जुनें घर, शेताचा तुकडा आणि दोन म्हातारीं माणसें. मुलगा दर रविवारीं फोन करतो. 'बरें आहे ना?' ह्या प्रश्नाला 'बरें आहे' हेंच उत्तर येतें. पण फोनवर आवाज ऐकूं येतो, चाल दिसत नाहीं; आणि ह्या दुखण्याची पहिली खूण पुष्कळदां चालींतच असते.

हा प्रश्न किती घरांचा आहे, ह्याचा अंदाज आतां उपलब्ध आहे. भारतांतील वृद्धांच्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें साठ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचें प्रमाण शेंकडा ७.४ आहे, म्हणजे देशांत सुमारें ८८ लाख माणसें ह्या विकारानें ग्रासलेलीं आहेत. पुरुषांपेक्षां स्त्रियांत, आणि शहरांपेक्षां खेड्यांत हें प्रमाण अधिक आढळलें. स्मृतिभ्रंश हा शहरी धांवपळीचा रोग आहे, मोकळ्या हवेंत राहणाऱ्यांस तो होत नाहीं, ही सुशिक्षितांची समजूत ह्या आकड्यांपुढें उभी राहत नाहीं. लहानपणीं न मिळालेलें शिक्षण हें ह्या विकाराचें एक मान्य कारण आहे. आणि ज्या पिढीच्या मुलींना शाळेचा उंबरठा दिसला नाहीं, तीच पिढी आज वृद्ध आहे.

स्मृतिभ्रंश, इंग्रजींत ज्यास 'डिमेन्शिया' म्हणतात, तो म्हणजे साधें विसरणें नव्हे. लग्नांत भेटलेल्या पाहुण्याचें नांव ऐन वेळीं न आठवणें हें कोणाचेंहि होतें. पण ज्या बाईनें चाळीस वर्षें सणाचा स्वयंपाक एकहातीं केला, तिला पुरण आधीं शिजवावें कीं कणीक आधीं मळावी हेंच सुचेनासें झालें. जो माणूस जन्मभर सांगलीच्या गणपतीला जाऊन येत होता, तो देवळाबाहेर पडून घराची वाट चुकला. तर तेथें निराळें कांहीं घडत आहे. स्मरण, विचार, भाषा, हिशेब, दिशांचें भान ह्यांपैकीं अनेक शक्ति एवढ्या खालावतात, कीं रोजचा व्यवहार दुसऱ्याच्या आधारावांचून चालत नाहीं. त्या अवस्थेला स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याचा सर्वांत मोठा प्रकार ज्यांच्या नांवानें ओळखला जातो, त्या आलॉइस आल्झायमर ह्या जर्मन डॉक्टरांनीं १९०६ सालीं, पन्नाशींत मरण पावलेल्या एका स्त्रीच्या मेंदूंत दिसलेले विलक्षण बदल प्रथम मांडले. मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडून होणारा प्रकार दुसरा. आणि म्हातारपणीं हे दोन्ही एकत्र असणें हेंच अधिक आढळतें.

आतां क्षीणता म्हणजे काय, हेंहि स्पष्ट झालें पाहिजे. इंग्रजींत तिला 'फ्रेल्टी' म्हणतात. ती म्हणजे केवळ म्हातारपण नव्हे, आणि एखादा विशिष्ट रोगहि नव्हे. ऐंशी वर्षांचा शेतकरी बांधावरून ताठ चालत जातो, आणि पासष्ट वर्षांचा निवृत्त कारकून जिना चढतांना मध्यें दोनदां थांबतो. ह्या दोघांत जो वयानें लहान तोच अधिक क्षीण आहे. शरीराजवळची शिल्लक संपत येणें, हा क्षीणतेचा अर्थ. शिल्लक असलेल्या माणसाला चार दिवस ताप येतो आणि जातो. शिल्लक नसलेल्याला तोच ताप अंथरुणास खिळवून टाकतो.

अमेरिकेंतील डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं २००१ सालीं क्षीणतेचीं पांच लक्षणें निश्चित केलीं. पहिलें, प्रयत्न न करतां वर्षभरांत साडेचार किलो किंवा त्याहून अधिक वजन घटणें. दुसरें, सततचा थकवा. तिसरें, हाताच्या पकडीचें बळ कमी होणें. चौथें, चाल मंदावणें. पांचवें, एकंदर हालचाल घटणें. ह्यांपैकीं तीन असलीं तर माणूस क्षीण समजावा. एक किंवा दोन असलीं तर तो क्षीणतेच्या उंबरठ्यावर आहे असें मानावें. घरांत हींच लक्षणें निराळ्या रूपानें दिसतात. सदरा खांद्यावरून उतरूं लागतो, बांगड्या कोपराकडे सरकतात. लोणच्याच्या बरणीचें झांकण उघडण्यासाठीं नातवाला हांक मारावी लागते. देवळापर्यंतची फेरी गल्लीच्या कोपऱ्यावर थांबते, मग ओट्यावर, मग खाटेवर. कॅनडांतील केनेथ रॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं निराळा मार्ग धरला. दृष्टि, श्रवण, जुनीं दुखणीं, रोजचीं कामें करण्याची ताकद अशा अनेक बाबींतील उणिवा मोजाव्यात आणि एकंदर बाबींपैकीं किती ठिकाणीं माणूस उणा पडतो तें पाहावें, अशी त्यांची रीत आहे. दोन्ही मापें उपयोगी ठरलीं आहेत.

ह्या क्षीणतेचा स्मृतीशीं असलेला संबंध दोन अभ्यासांनीं विशेष ठळक केला. पहिला २०१९ चा. अमेरिकेंतील शिकागोच्या परिसरांत वृद्धांनीं आपल्या हयातींत नियमित तपासणी करून घेतली आणि मृत्यूनंतर मेंदू अभ्यासासाठीं दिला. अशा ४५६ व्यक्तींची नोंद तपासतां असें दिसलें, कीं मेंदूंतील आल्झायमरचे बदल आणि माणसाच्या वागण्यांतील ऱ्हास ह्यांचें प्रमाण नेहमीं जुळत नाहीं. कांहींच्या मेंदूंत बदल पुष्कळ होते, पण शरीर धडधाकट होतें. तीं माणसें शेवटपर्यंत बऱ्यापैकीं शहाणीं राहिलीं. उलट, कांहींच्या मेंदूंत बदल थोडे असून शरीर क्षीण होतें. त्यांच्यांत स्मृतिभ्रंश उघड दिसला. दुसरा अभ्यास २०२४ चा. त्यांत इंग्लंड व अमेरिका येथील चार मोठ्या पाहण्यांतील सुमारें तीस हजार लोकांची माहिती एकत्र केली होती. ज्यांना पुढें स्मृतिभ्रंश झाला, त्यांची क्षीणता रोगनिदानापूर्वीं चार ते नऊ वर्षें वेगानें वाढूं लागली होती. चार ते नऊ वर्षें! हा काळ थोडा नव्हे. दारावर थाप पडत होती, आणि घर ती ऐकत नव्हतें.

हा संबंध येतो कोठून? त्याच्या वाटा तीन आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळतात. पहिली वाट समान कारणांची. उच्च रक्तदाब आणि मधुमेह हे विकार पायाच्या नसा, डोळे, मूत्रपिंड आणि मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या ह्या सर्वांनाच पोखरतात; शरीरांत रेंगाळणारा सूक्ष्म दाह स्नायूंना झिजवितो आणि मेंदूलाहि सोडीत नाहीं. दुसरी वाट शरीराकडून मेंदूकडे जाणारी. हालचाल थांबली कीं रक्ताभिसरण, झोंप, भूक आणि साखरेचें नियमन हीं सारीं मंदावतात. शिवाय घराबाहेर पडणें थांबतें. घराबाहेर पडणें थांबलें कीं बोलणें थांबतें, आणि ज्या बुद्धीला दिवसभर कोणी प्रश्नच विचारीत नाहीं ती गंजत जाते. तिसरी वाट उलट दिशेची. मेंदूंत बिघाड आधींच सुरू झालेला असतो, आणि त्याचा पहिला परिणाम चालीवर, तोलावर, भुकेवर होतो. माणूस जेवावयाचें विसरतो, औषध दोनदां घेतो, आणि त्यामुळें शरीर खचतें. रहाटगाडग्याप्रमाणें एक दुसऱ्याला ओढीत राहतें.

कोणी विचारील, मंद चाल ही तर गुडघ्याची गोष्ट. तिचा मेंदूशीं काय संबंध? संबंध फार आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दर वर्षीं नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यांत येते आणि लोणंद, तरडगांव, फलटण अशी पुढें जाते. त्या वाटेवरचा वारकरी चालतो, टाळ वाजवितो, अभंग म्हणतो आणि पुढच्या माणसाच्या पावलाशीं पाऊल जुळवितो. चार कामें एकाच वेळीं! पाहणाऱ्याला तें सहज वाटतें. पण डोळ्यांनीं खांचखळगे टिपणें, कानांनीं ताल धरणें, तोल सांभाळणें, शब्द आठवणें ह्या साऱ्यांची मेंदूला एकदम जुळणी करावी लागते. जुळणी सैल पडली कीं चालतांना बोलणें जड जातें. स्वीडनमधील उमेओ येथील डॉक्टरांनीं १९९७ सालीं एक साधी गोष्ट नोंदविली: बरोबरच्या माणसानें कांहीं विचारतांच जे वृद्ध उत्तर देण्यासाठीं चालतां चालतां थांबत, तेच पुढील सहा महिन्यांत अधिक वेळां पडले. पुढें न्यूयॉर्कचे डॉ. ज्यो वर्गीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें, कीं चाल मंदावणें आणि 'आठवत नाहीं' अशी स्वतःची तक्रार, हीं दोन एकत्र आलीं म्हणजे पुढें स्मृतिभ्रंश होण्याचा धोका बराच वाढतो. केरळांत कोझिकोडे येथेंहि ह्याच धर्तीचा अभ्यास झाला आहे. ह्यासाठीं मोठें यंत्र लागत नाहीं. घड्याळ आणि मोकळी पडवी पुरते. नेहमींच्या चालीनें चार मीटर जाण्यास पांच सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर ती चाल मंद समजण्याची युरोपांतील तज्ज्ञांची रीत आहे. तसें आढळल्यास घाबरूं नये. पण डॉक्टरांना सांगावें.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एकीनें दुसरी घडविली असें सिद्ध होत नाहीं. आणि शरीर बळकट केलें कीं स्मृतिभ्रंश टळेलच, असें कोणीहि प्रामाणिकपणें सांगूं शकणार नाहीं. अमेरिकेंत सत्तर ते एकोणनव्वद वर्षांच्या १,६३५ लोकांवर केलेल्या प्रयोगांत नियमित व्यायामानें चालण्याची ताकद गमावण्याचें प्रमाण घटलें, हें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु दोन वर्षांच्या त्या व्यायामानें स्मृतीच्या चांचण्यांत मात्र फरक दिसला नाहीं. ह्याच्या उलट फिनलंडमध्यें साठ ते सत्त्याहत्तर वर्षांच्या १,२६० लोकांवर झालेल्या प्रयोगांत व्यायाम, आहार, बुद्धीला काम आणि रक्तदाब वगैरेंची देखरेख हीं चारहि एकत्र योजिलीं होतीं. तेथें दोन वर्षांनीं बुद्धीच्या चांचण्यांत माफक पण खरा लाभ आढळला. तो निष्कर्ष २०१५ चा. अर्थ उघड आहे. एकाच उपायाच्या भरंवशावर राहूं नये. चार उपाय हातांत हात घालून आले तर आशेला जागा आहे. २०२४ सालीं तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय आयोगानें असा हिशेब मांडला, कीं चौदा कारणांवर जन्मभर लक्ष ठेवल्यास जगांतील सुमारें ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळतां किंवा लांबवितां येईल. बहिरेपण, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचें धूम्रपान, एकलकोंडेपणा आणि हालचालीचा अभाव हीं त्या चौदांतील आहेत.

शरीर बळकट करण्याचा विचार ह्या भागाला नवा नाहीं. साताऱ्याच्या औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार हें जीवितकार्यच मानलें होतें. संस्थान लहान आणि विखुरलेलें. औंध साताऱ्यांत, तर आटपाडी आणि कुंडल हे भाग आज सांगलींत मोडतात. तेथील शाळांतून त्यांनीं नमस्कार सुरू केले, त्यांवर ग्रंथ लिहिले, आणि १९३८ सालीं लंडनमध्यें त्यांचें इंग्रजी पुस्तकहि निघालें. १८६८ सालीं जन्मलेले बाळासाहेब १९५१ पर्यंत जगले. सत्तरी गांठली असतां त्यांनीं प्रजेला राज्यकारभार सोंपविणारी घटना दिली आणि औंधचें संग्रहालय उभें केलें. ह्याच औंधांत तीस वर्षें राहून वेदांचें कार्य करणारे पंडित सातवळेकर १८६७ सालीं जन्मले आणि शंभरी ओलांडून १९६८ सालीं वारले. हीं उदाहरणें मनोहर आहेत. पण दोन माणसांवरून नियम बांधतां येत नाहीं. नमस्कार घालूनहि ज्यांची स्मृति गेली त्यांची नोंद कोणी ठेवीत नाहीं. औंधकडून घ्यावयाचा धडा निराळा आहे: बळ ही तरुणांच्याच मालकीची वस्तु नव्हे, आणि तें रोज थोडें थोडें कमवावें लागतें.

विज्ञानानेंहि त्याला दुजोरा दिला आहे. अमेरिकेंत बोस्टन येथील वृद्धाश्रमांतील शंभर क्षीण रहिवाशांवर झालेला एक प्रयोग १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. सरासरी वय सत्त्याऐंशी. ज्यांना दहा आठवडे वजनें वापरून पायांचा व्यायाम दिला, त्यांच्या स्नायूंचें बळ दुपटीहून अधिक झालें आणि चाल सुधारली. ज्या प्रांतानें खाशाबा जाधवांसारखा मल्ल दिला, तेथें तालमीचें महत्त्व सांगावयास नको. नवें एवढेंच, कीं तालीम सत्त्याऐंशीव्या वर्षींहि फळते. आणि विश्रांति किती महाग पडते, हें २००७ च्या एका प्रयोगानें दाखविलें. निरोगी वृद्ध केवळ दहा दिवस अंथरुणावर पडून राहिले, आणि तेवढ्यांत त्यांच्या पायांचें जवळ जवळ एक किलो मांस झडलें.

ह्या दोन प्रयोगांच्या प्रकाशांत आपल्या घरांतील प्रेम तपासून पाहिलें पाहिजे. सून म्हणते, 'आत्याबाई, तुम्ही बसा, मी करतें.' मुलगा म्हणतो, 'दादा, बँकेंत तुम्ही कशाला जातां, मी मोबाइलवर करतों.' दोघांच्या बोलण्यांत माया आहे, शेजारीहि वाखाणतात. पण आत्याबाईंच्या हातांतून विळी, पाट्या-वरवंट्याचें वाटण, अंगणाचा सडा आणि भाजीवाल्याशीं घासाघीस हीं एकेक करून काढून घेतलीं, म्हणजे त्यांच्या खांद्यांचा, पायांचा, हिशेबाचा आणि जिभेचा व्यायामच काढून घेतला. दादांचा बँकेपर्यंतचा फेरा गेला, त्याबरोबर वाटेवरचे चार नमस्कार आणि दोन वादहि गेले. वृद्धांची सेवा म्हणजे त्यांना हलूं न देणें, ही समजूतच ह्या विषयांतील सर्वांत मोठी अडचण आहे. जें काम त्यांना झेपतें तें त्यांच्याकडेच राहूं द्यावें. वेळ लागला तरी लागूं द्यावा. आणि जें झेपत नाहीं तें बरोबर बसून करावें.

मग घरानें करावें काय? दररोज चालणें हें पहिलें. दमून बोलतां येईनासें होईल इतकें नव्हे, पण रमतगमतहि नव्हे. दुसरें, पायांचें बळ. भिंतीला टेकलेल्या भक्कम खुर्चीवरून हातांचा आधार शक्य तितका कमी घेत उठणें आणि सावकाश बसणें. पांच वेळांपासून आरंभ करून हळूहळू वाढवावें. जन्मभर नमस्कार घालणाऱ्यानें ते झेपतील तसे चालू ठेवावेत. पण पंचाहत्तरीला नव्यानें आरंभ करणाऱ्यानें खुर्चीपासूनच सुरुवात करावी, आणि हृदयविकार असल्यास आधीं डॉक्टरांना विचारावें. तिसरें, अन्न. दांत गेले कीं म्हातारीं माणसें चहा, बिस्किटें आणि मऊ भातावर येतात. पोट भरतें, स्नायु उपाशी राहतात. तज्ज्ञांच्या मतें वृद्धास दर किलो वजनामागें दररोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनें हवींत. म्हणजे पन्नास किलोंच्या माणसास निदान पन्नास ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांच्या कुटांत सात-आठ, पेलाभर दुधांत सुमारें सहा, एका अंड्यांत सुमारें सहा ग्रॅम मिळतात. घट्ट वरण, उसळ, दही, कूट घातलेली भाजी हें सर्व ह्या मातींतलेंच अन्न आहे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यानें मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच प्रमाण ठरवावें. ज्या घरांत बायका सर्वांच्या शेवटीं उरलेलें जेवतात, तेथें आजीच्या ताटाकडे मुद्दाम पाहावें.

चौथें, कान आणि डोळे. ऐकूं येत नाहीं म्हणून माणूस बोलण्यांतून उठून जातो, आणि घर म्हणतें कीं त्याला कांहीं कळत नाहीं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि श्रवणयंत्र हीं चैन नव्हेत. पांचवें, सोबत. भजनीमंडळ, वाचनालय, पारावरची बैठक, नातवंडांचा अभ्यास. कोणतेंहि निमित्त चालेल, पण दिवसांतून एकदां तरी घराबाहेरच्या माणसाशीं बोलणें झालें पाहिजे.

उपायांच्या नांवाखालीं येणाऱ्या आशांपासूनहि सावध असावें. सांगलीची हळद प्रसिद्ध आहे. २०१८ सालीं तिला भौगोलिक मानांकनहि मिळालें. तिच्यांतील द्रव्यानें स्मरणशक्ति सुधारते अशा जाहिराती पुष्कळ दिसतात. पण आल्झायमरच्या रोग्यांवर झालेल्या प्रयोगांत तिचा स्पष्ट लाभ सिद्ध झालेला नाहीं. हळद भाजींत असावी. तिच्या गोळ्यांसाठीं पेन्शन खर्चूं नये.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. प्रत्येक विसराळूपणा हा स्मृतिभ्रंश नव्हे. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, मनाची उदासी, झोंपेच्या गोळ्या, पडल्यावर डोक्यांत सांचलेलें रक्त ह्यांनींहि बुद्धि मंदावते, आणि हीं कारणें दूर करतां येण्यासारखीं आहेत. दोन-चार दिवसांत एकाएकीं बरळणें सुरू झालें, तर तें वय नव्हे. जंतुसंसर्ग किंवा क्षारांचा बिघाड असूं शकतो, आणि त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. कृष्णेच्या २०१९ च्या महापुरांत सांगलीच्या कित्येक घरांना रातोरात बाहेर पडावें लागलें. अशा वेळीं क्षीण शरीराचा आणि डळमळीत स्मृतीचा माणूस सर्वांत आधीं गोंधळतो. त्याचा चष्मा, काठी, श्रवणयंत्र, औषधांची चिठ्ठी आणि एक ओळखीचा चेहरा एवढें तरी त्याच्याबरोबर असावें.

ज्या घरांत स्मृतिभ्रंश आधींच शिरला आहे, तेथें हें सर्व सांगणें उशिराचें आहे काय? नाहीं. गेलेली स्मृति परत येईल असें कोणी म्हणूं शकत नाहीं. पण उठणें, बसणें, चालणें, घास स्वतः तोंडांत घालणें हें जितके दिवस टिकेल तितके दिवस त्या माणसाची अब्रू टिकते, आणि सांभाळणाऱ्या बाईची पाठहि टिकते. कारण सांभाळणारी बहुधा बाईच असते, आणि ती स्वतःहि साठीकडे झुकलेली असते. तिच्या विश्रांतीची, जेवणाची आणि तपासणीची जबाबदारी फोनवरून चौकशी करणाऱ्या मुलांनीं अंगावर घेतली नाहीं, तर एका क्षीण माणसाच्या जागीं घरांत दोन क्षीण माणसें होतील.

सारांश एवढाच, कीं वृद्ध माणसाची मंदावलेली चाल, सैल झालेली पकड आणि घटलेलें वजन हीं वयाचीं भूषणें नव्हेत. त्यांत बुद्धीच्या संकटाची पूर्वसूचना असूं शकते, आणि तीं दिसतात तोंवर हातांत कांहीं वर्षें असण्याचा संभव असतो. पुढच्या सुटींत गांवीं जाणाऱ्या मुलामुलींनीं 'बरें आहे ना?' एवढेंच विचारून न थांबतां, आई-वडिलांना बरोबर घेऊन बाजारापर्यंत चालत जावें, आणि चालतां चालतां त्यांच्याशीं बोलावें. उत्तर शब्दांत मिळालें नाहीं, तरी पावलांत मिळेल.